मॉरिशस: किनारे पुरे, ज्वालामुखी दाखवा

सुरसागरकाठी:
मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत बडोद्याहून मॉरिशसला जायचं ठरतंय. आई-बाबा, आम्ही दोघं आणि नववीतले चिरंजीव. ट्रॅव्हलवाल्याने जो कार्यक्रम हातात ठेवलाय त्यात बोट, पॅराशूट, पुन्हा बोट आणि मग खरेदी. चिरंजीवांनी कागद वाचला आणि विचारलं, "हे बेट ज्वालामुखीचं आहे ना? मग ह्यात ज्वालामुखी कुठंय?" ट्रॅव्हलवाल्याला फोन लावला, तर म्हणतो, "साहेब, एमां जोवा जेवुं कशुं नथी, खाडो छे." म्हणजे बघण्यासारखं काही नाही, नुसता खड्डा.

तर जाणकारांनी सांगा: खाडो बघण्यासारखा आहे का? मुक्काम कुठे करावा? शेजारच्या रियुनियन बेटावर जागा, म्हणजे अजून जिवंत, ज्वालामुखी आहे म्हणतात, तो ह्याच फेरीत बसेल का? बाबांचे गुडघे आता पायऱ्या म्हटल्या की कुरकुरतात, ते धरून सांगा. आम्ही शाकाहारी.

मांजलपूरची मीनल:
दादा, आधी अपेक्षा ठरवून घ्या. मॉरिशसमध्ये धूर नाही, लाव्हा नाही, रात्री लाल उजेड नाही. तिथली आग हजारो वर्षांपूर्वीच विझलीय. बघायचं ते नंतर उरलेलं. ते मात्र भरपूर आहे आणि बरंचसं गाडीतून उतरल्या उतरल्या दिसतं.

मुक्काम पश्चिमेला किंवा नैऋत्येला करा: फ्लिक-आं-फ्लाक, तामारां, ल मोर्न ह्या पट्ट्यात. पॅकेजवाले बहुधा उत्तरेला ग्राँ-बे भागात ठेवतात. छान भाग आहे, पण तुम्हाला जे बघायचंय ते सगळं मध्यावर आणि नैऋत्येला. रोज बेट उभं कापत बसाल.

तो खड्डा म्हणजे त्रू-ओ-सेर्फ. क्युरपीप गावातच आहे, अगदी वस्तीला लागून. गाडी थेट काठापर्यंत जाते, त्यामुळे काकांची काळजी नको. तीनशे-साडेतीनशे मीटर रुंद आणि ऐंशी मीटरच्या आसपास खोल. आत गच्च झाडी, तळाशी थोडं पाणी. काठाने गोल रस्ता आहे आणि सकाळी गावातली मंडळी ट्रॅकसूट घालून त्यावर फेऱ्या मारत असतात. एका आजोबांनी आम्हाला अडवलं, कुठून आलात विचारलं आणि खड्ड्याकडे पाठ करायला लावून एकेका डोंगरावर बोट ठेवत नावं सांगितली. हा रांपार, त्या त्र्वा मामेल, तिकडे लांब पोर्ट लुईच्या वरची रांग. मला विचाराल तर खड्ड्यापेक्षा हे दृश्य मोठं.

सकाळीच जा. क्युरपीप उंचावर आहे, पाऊस आणि धुकं कधी उतरेल ते सांगता येत नाही. किनाऱ्यावरून हाफ पँटीत गेलात तर कुडकुडाल.

पाषाणकाका:
मीनलताईंच्या त्या आजोबांना माझा नमस्कार सांगावा असं वाटतंय. त्यांनी बोट ठेवलेले डोंगर हाच मूळ ज्वालामुखी! सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी समुद्रातून एक रुंद, ढालीच्या आकाराचा ज्वालामुखी वर आला. पुढे त्याचा मधला भाग खचला. काठाचे जे तुकडे उभे राहिले ती आजची मोका-पोर्ट लुईची रांग, आग्नेयेचे ग्राँ-पोरचे डोंगर आणि नैऋत्येचा ब्लॅक रिव्हरचा भाग. बेटाचं सर्वांत उंच शिखर ह्याच नैऋत्येच्या भागात आहे, ८२८ मीटर. नंतर मधूनच लहान-लहान उद्रेक होत राहिले आणि मधलं पठार भरत गेलं. त्रू-ओ-सेर्फ ह्या शेवटच्या पिढीतला. म्हणजे लोक खड्ड्यात वाकून ज्वालामुखी शोधतात आणि त्याच वेळी उभे असतात मोठ्या ज्वालामुखीच्या पोटात.

आता बडोदेकरांनी खरं ऐकायचं ते पुढे आहे. ह्या बेटाचा आणि आपल्या पावागड डोंगराचा उगम एकाच आगीतला. पृथ्वीच्या पोटात एक अतितप्त जागा आहे, तिला रियुनियन हॉटस्पॉट म्हणतात. ती जवळजवळ जागची हलत नाही, वरचं भूकवच सरकतं. पापड विस्तवावरून सावकाश ओढत न्यावा आणि डाग पडत जावेत, तसं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपला भारत ह्या आगीवरून उत्तरेकडे सरकत होता. तेव्हा जो लाव्हा वाहिला त्याचं दख्खनचं पठार झालं. आज जेवढं उरलंय तेच ५ लाख चौरस किलोमीटर आहे. मग डाग दक्षिणेला पडत गेले: लक्षद्वीप-मालदीव-चागोसची समुद्राखालची रांग, तिकडून मॉरिशस, आणि आज रियुनियन. आग अजून तिथंच पेटलेली आहे.

बडोदं स्वतः नद्यांच्या गाळावर बसलंय, म्हणून आपल्याला रोजच्या जाण्यायेण्यात हा खडक भेटत नाही. हालोलचा रस्ता धरला की समोर उभा राहतो. पावागडच्या अंगावर ज्या आडव्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात ते लाव्ह्याचे एकावर एक थर. खालचे बसाल्ट ह्या काळ्या खडकाचे. माथ्याकडचा खडक मात्र वेगळा, रायोलाइट. त्यात सिलिका (वाळूतला मुख्य घटक) जास्त, लाव्हा घट्ट, फिकट रंगाचा. दख्खनच्या पठारावर असा खडक फार थोड्या ठिकाणी सापडतो, म्हणून भूशास्त्राची पोरं पिढ्यान् पिढ्या तिथं नेली जातात. मीही नेली आहेत, आणि निम्म्यांना कालिकामातेच्या प्रसादातच जास्त रस होता.

माझं म्हणणं सरळ आहे. चिरंजीवांना मॉरिशसच्या आधी पावागड दाखवा. मग मॉरिशस, आणि जमलं तर रियुनियन. म्हातारा, प्रौढ आणि पोरगा, तिघे एका ओळीत बघायला मिळतील.

रोखठोक रावपुरा:
काका, तुमचं ऐकायला नेहमीच छान वाटतं, पण पैसे मोजणाऱ्याच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवं. शामारेलच्या सात रंगांच्या मातीचं इतकं कौतुक ऐकलं होतं. प्रत्यक्षात? लाकडी कठडा, कठड्यापलीकडे मातीचे उंचवटे, कठड्याला टेकून फोटो काढणारी दीडशे माणसं. जेवढा वेळ पार्किंगला लागला तेवढ्यात बघून झालं. फोनवर येणारे फोटो रंग चढवलेले असतात. आमच्या मुलींना माती नाही, तिथली मोठी कासवं आवडली. आणि दुकानात ती माती काचेच्या नळीत भरून विकतात, तीही आम्ही घेतली, कारण सगळेच घेतात.

मांजलपूरची मीनल:
रोखठोक, तुम्ही किती वाजता गेला होतात? दुपारी बारा-एकला सगळ्या बस तिथंच येतात आणि डोक्यावरच्या उन्हात रंग मरतात. आम्ही दार उघडायच्या वेळेला होतो. तिरप्या उन्हात उंचवट्यांची एक बाजू विटकरी, दुसरी जांभळट, आणि मध्ये मळकट पिवळ्याची रेघ. पेन्सिलने ओढावी इतकी स्वच्छ रेघ! आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता, त्याने रंग आणखी गडद झाले असावेत.

अर्धा तास पुरतो हे मात्र खरं. पण तिथे जाताना वाटेत शामारेलचा धबधबा आहे, ८० मीटरहून उंच, त्याच्यासमोर आम्ही जास्त वेळ काढला.

पाषाणकाका:
रोखठोकराव, कठडा आहे म्हणून माती शिल्लक आहे, नाहीतर नळ्यांतून केव्हाच संपली असती :) ह्या मातीत होतं काय तर बसाल्ट उष्ण, दमट हवेत कुजतो. विरघळणारं सगळं पाऊस धुऊन नेतो आणि मागे लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं राहतात. लोहाकडे झुकलेली माती लाल-तपकिरी, ॲल्युमिनियमकडे झुकलेली निळसर-जांभळट. पोषक काही उरत नाही म्हणून गवतसुद्धा उगवत नाही. तेच तिचं सौंदर्य. आजूबाजूला सगळं हिरवंगार आणि मध्येच हा उघडा तुकडा.

धबधब्याजवळ उभे राहिलात तर पाण्याकडे नको, बाजूच्या कड्याकडे बघा. लाव्ह्याचे थर दिसतील. पावागड बघून गेलेल्या मुलाला कुणी सांगावं लागणार नाही.

कारेलीबागकर:
गंगा तलाव अजून कुणी काढला नाही म्हणून मी काढतो. ज्वालामुखीच्या मुखात साचलेलं पाणी आहे ते. ग्राँ-बासां हे तिकडचं जुनं नाव. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. काठावर देवळं, पाण्यापर्यंत घाट, झाडांवर माकडं. प्रसादाची पिशवी हातात मोकळी धरू नका, माकडं ओळखतात. १९७२ मध्ये गोमुखाचं, म्हणजे गंगेच्या उगमाचं, पाणी आणून ह्यात सोडलं. महाशिवरात्रीला बेटभरातून माणसं पांढरे कपडे घालून, खांद्यावर सजवलेल्या कावडी घेऊन पायी येतात.

आणि आता बडोदेकरांसाठी गंमत. तलावाच्या रस्त्यावर मंगल महादेवाची मूर्ती उभी आहे, १०८ फूट. २००७ मध्ये बसवली. ती आपल्या सुरसागर तलावातल्या महादेवावरून केलेली आहे! आमच्या आईने बसमधून उतरल्याबरोबर हात जोडले आणि म्हणाली, "अरे, हे तर आपलेच. इथे कधी आले?" बसमधल्या दिल्लीच्या मंडळींना वाटलं म्हातारीला दृष्टांत झाला. मूळ पोस्टवाल्यांचं नाव सुरसागरकाठी, म्हणजे त्यांना तर हे घरासमोरून निघून घरासमोरच पोचल्याचं पुण्य.

सुरसागरकाठी:
काय सांगता! आईला सांगितलं. तिचा जाण्याचा निर्णय आत्ता पक्का झाला. काल संध्याकाळपर्यंत "तुम्ही जाऊन या, मी घर बघते" चाललं होतं.

रियुनियनबद्दल कुणीतरी बोला.

एकटीच भटकते:
मी बोलते, पण लांब होईल.

रियुनियन हा फ्रान्सचा भाग. चलन युरो, भाषा फ्रेंच आणि क्रिओल (फ्रेंचवरून झालेली तिकडची बोली), इंग्रजीवर फार विसंबू नका. मॉरिशसहून विमानाने पाऊण तास. फ्रान्स असलं तरी ते शेंगेन क्षेत्रात, म्हणजे युरोपच्या सामाईक व्हिसाच्या पट्ट्यात, मोडत नाही. म्हणून युरोपचा व्हिसा आहे, चालून जाईल, असं गृहीत न धरता रियुनियनची स्वतंत्र चौकशी करा. मॉरिशसला जसं भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा न काढता जाता येतं, तसं इथलं समजू नका.

जागा ज्वालामुखी म्हणजे पितों द ला फूर्नेज, २६३२ मीटर. जगातल्या सर्वांत चपळ ज्वालामुखींपैकी एक. उद्रेक वरचेवर होतात, पण बहुतेक एका मोठ्या ओसाड कुंडाच्या आत, जिथे कुणी राहत नाही. म्हणून लोक घाबरत नाहीत. उद्रेक सुरू झाला की कुंडात उतरायची वाट बंद करतात आणि अख्खं बेट गाड्या काढून लांबून बघायला निघतं.

मी बूर-म्यूरा गावात राहिले. तिथे ज्वालामुखीचं संग्रहालय आहे, चिरंजीवांना दाखवाच. पहाटे अंधारातच निघाले, कारण उन्हं वर आली की ढग चढतात आणि मग समोरचं काही दिसत नाही. आधी गायी, कुरणं, धुकं. मग एक वळण येतं आणि खाली प्लेन-दे-साब्ल पसरतं. तांबूस-काळी सपाट जमीन, झाड नाही, घर नाही, मधून कच्चा रस्ता. गाडीचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नाही. माझ्याबरोबर गाडीत असलेल्या एका बाईंनी नुसतंच "मों द्यू" (अरे देवा) म्हटलं आणि पुढचा सगळा रस्ता गप्प.

रस्ता संपतो तिथे पा-द-बेलकोंब. २३०० मीटरच्या वर. पुढे कडा तुटतो आणि खाली कुंड. कठड्यापाशी उभं राहून सगळं दिसतं, त्यामुळे आई-बाबा इथपर्यंत आरामात येऊ शकतात. ज्याचे गुडघे चांगले तो पाचशेहून जास्त पायऱ्या उतरून खाली जातो. (उतरलेल्या पायऱ्या परत येताना चढायच्या असतात, हे बाबांना आधीच सांगा.) खाली लगेचच फोर्मिका लेओ नावाचा बुटका, लालसर शंकू लागतो. त्याच्या काठावर मुलं धावत चढतात. पुढची वाट दगडांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके मारून दाखवली आहे. ठिपका सोडला तर सगळीकडे सारखंच.

पायाखालचा लाव्हा दोन तऱ्हेचा असतो. एक गुळगुळीत, दोरखंडाचे वळसे टाकल्यागत गोठलेला, त्यावरून चालायला मजा येते. दुसरा खडबडीत, धारदार, बूट कापणारा. ह्या दुसऱ्यावर मी एकदा हात टेकला आणि तळव्यावर बारीक ओरखडे उठले. साधे कापडी बूट नकोतच. वरच्या विवराच्या काठापर्यंत जाऊन यायला पाच-सहा तास धरा, पाणी आपलं आपण न्या, वाटेत काही मिळत नाही. एप्रिल २००७ च्या उद्रेकात ह्या दोलोम्यू विवराचा तळ तीनशे मीटरहून जास्त खाली बसला. काठावर उभं राहिलं की आत पाहण्याआधी माणूस दोन पावलं मागे सरकतो.

वेळ असेल तर पूर्व किनाऱ्याचा लाव्ह्याचा रस्ता करा. तिथे गाडीने डावी-उजवीकडे लाव्ह्याचे ओघळ दिसतात, वर्षाच्या पाट्या लावलेले. जुन्यावर नेचे उगवलेत, नव्यावर नुसतं करडं दगडफूल. सेंत-रोझ भागात एक चर्च आहे. १९७७ मध्ये लाव्हा गावात शिरला, चर्चच्या दारातून आत आला आणि तिथेच थांबला. इमारत वाचली, आजूबाजूची घरं गेली. गोठलेला लाव्हा अजून भिंतींना टेकून उभा आहे.

शाकाहाराचं म्हणाल तर भात, डाळीच्या जागी राजमा-मसूर, आणि रुगाय नावाचा झणझणीत टोमॅटो-मिरचीचा ठेचा. त्यात सॉसेजवालाही प्रकार असतो, विचारून घ्या. तामिळ वंशाची वस्ती मोठी आहे, देवळं रंगीत आणि सगळीकडे.

रोखठोक रावपुरा:
एकदम युरोचा हिशोब. आई-बाबा, मुलगा, पाच तिकिटं पुन्हा. मी असतो तर मॉरिशसच नीट केलं असतं.

एकटीच भटकते:
रोखठोक, जिवंत ज्वालामुखीच्या पाऊण तासावर येऊन परत फिरणार? जमत असेल तर बाप-लेक दोघांनीच दोन रात्री जाऊन यावं. बाकीच्यांनी किनाऱ्यावर आराम करावा, त्यांनाही तेच हवं असेल.

फतेगंजचा पक्या:
मधेच विचारतो, इतक्या लांब कशाला? आपल्या अंदमानात बॅरन बेट आहे ना, जिवंत ज्वालामुखी, आपलाच.

पाषाणकाका:
आहे, आणि भारतातला जागा ज्वालामुखी तोच. १७८७ च्या उद्रेकाची नोंद आहे, मग दीर्घ झोप, १९९१ पासून पुन्हा अधूनमधून धुमसतो. पण निर्जन आहे, नावाप्रमाणे. प्रवाशांनी बेटावर उतरायचं नसतं, बोटीतूनच बघायचं. पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १४० किलोमीटर, समुद्र खवळला तर सगळं रद्द. शिवाय त्याचं कूळ वेगळं. तो दोन भूपट्टांच्या, म्हणजे भूकवचाच्या दोन मोठ्या तुकड्यांच्या, टकरीतून झालेला, आपल्या पापडाच्या डागांतला नव्हे.

क्युरपीपहून परत:
काही वर्षं नोकरीनिमित्त मॉरिशसला होतो, आता अलकापुरीत. एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. विमानतळावरून निघालात की दोन्हीकडे उसाची शेतं लागतील आणि शेतांच्या मध्ये काळ्या दगडांचे मोठाले ढीग, काही एकमजली घराएवढे. पाहुण्यांना ते प्राचीन बांधकाम वाटतं. तो बसाल्ट आहे. जमीन उसाला मोकळी करताना माणसांनी हातांनी उचलून रचलेला. त्यात गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले, मजूर कितीतरी. १८३४ पासून पुढच्या काळात साडेचार लाखांहून जास्त माणसं भारतातून तिथे उतरली. पोर्ट लुईला ज्या आप्रवासी घाटावर ती उतरली तो २००६ पासून जागतिक वारसा आहे. ज्वालामुखी बघायला जाताय तर हे ढीगही बघा. लाव्हा डोक्यावरून वाहणारी माणसं होती ती.

त्यांतली काही आपली, कोकणातून मुंबई बंदरातून गेलेली. आज घरात क्रिओल बोलतात, पण शाळेत मराठी शिकता येते, गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते आणि कोकणातल्या झाकडी नाचाची गाणी टिकून आहेत. वाक्वा, कास्काव्हेल भागात कुणी आडनावाच्या शेवटी नुसतं "जी" लावून ओळख करून दिली तर चौकशी करा, आजोबांचं गाव रत्नागिरीकडे निघेल. मला एका बाईंनी "जेवलांव काय?" विचारलं तेव्हा मी फ्रेंचमध्ये उत्तर देत होतो.

शाकाहाराची अडचण नाही. रस्त्यावर धोल-पुरी मिळते, आत वाटलेली डाळ भरलेली मऊ पोळी, वर भाजीची आमटी आणि चटणी. तिखट सांभाळून मागा.

आणखी दोन जागा. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री-ग्री. बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे, म्हणून किनाऱ्याचं पाणी शांत. ग्री-ग्रीला ती भिंत तुटलेली आहे, लाटा थेट काळ्या कड्यावर आदळतात. पाण्यात पाय घालायचा नाही, फक्त बघायचं. आणि ल मोर्न. ५५६ मीटरचा सुळका समुद्राच्या कडेला. पळून गेलेले गुलाम ह्याच्या आडोशाला लपत. २००८ मध्ये हाही जागतिक वारसा झाला. वरपर्यंत जाणं दमवणारं आहे, चिरंजीवांना नेऊ शकता, बाबांनी खालच्या किनाऱ्यावरून बघावं.

सुरसागरकाठी:
सगळ्यांचे आभार. ट्रॅव्हलवाल्याला नवा कागद दिलाय: मुक्काम फ्लिक-आं-फ्लाक. एक दिवस सकाळी त्रू-ओ-सेर्फ, मग गंगा तलाव, जमलं तर परतताना ब्लॅक रिव्हरच्या दऱ्या. एक दिवस दार उघडताना शामारेल, धबधबा, दुपारी ल मोर्न. एक दिवस ग्री-ग्री. पॅराशूट काढून टाकलं, बोट एक ठेवली, आईची मागणी. रियुनियनला मी आणि चिरंजीव, व्हिसाचं बघतोय. ट्रॅव्हलवाला म्हणाला, "साहेब, बधा खाडा ज जोवा छे?" (सगळे खड्डेच बघायचेत का?)

मांजलपूरची मीनल:
गंगा तलाव आणि खड्डा एका दिवशी ठीक आहे, पण त्यातला कुठला आधी ते सकाळी आकाश बघून ठरवा. ड्रायव्हरला विचारा, त्यांना धुक्याचा अंदाज असतो. आणि शामारेलचा रस्ता वळणांचा आहे, आईंना गाडी लागत असेल तर पोटभर नाश्ता करून निघू नका.

सुरसागरकाठी:
काका, पावागडला तुम्ही येणार का? नवरात्र संपल्यावर लगेच?

पाषाणकाका:
येतो की. नवरात्रात नाही, आणि रविवारीही नको, रोपवेच्या रांगेत दिवस जाईल. मधला वार बघा, सकाळी लवकर. माचीपर्यंत गाडी, पुढे रोपवे. वरच्या टोकापासून देवळापर्यंत पायऱ्या आहेत, तेव्हा तुमच्या बाबांना माचीलाच सावलीत बसवू, तिथूनही थर चांगले दिसतात. हातोडी कुणी आणायची नाही, जंगलखात्याचा परिसर आहे. भिंग माझ्याकडे आहे, थेपले तुम्ही आणा.